सतरा नंबरच्या खोलीतलं गरम पाणी

शुक्रवारी दुपारी मी हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरचे पडदे झटकत होते, तेव्हा जिन्यावरून एक बाई नवऱ्याला पाठीवर घेऊन वर येताना दिसली. बाई साठीची. नवरा तिच्याहून हातभर उंच, आणि त्याचा उजवा हात तिच्या छातीवर मेल्यासारखा लोंबत होता. मागून एक तरुण त्याचे पाय धरून चढत होता आणि दर दोन पायऱ्यांनी विनवत होता, "मामी, टेकव जरा. मामी, ऐक माझं." मामी ऐकत नव्हती. आमच्या जिन्याला चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. ती एकदाही थांबली नाही.

वर आल्यावर तिनं त्याला मखमली बाकावर उतरवलं, त्याची टोपी सरळ केली, आणि मग भिंतीला हात लावून उभी राहिली.

"लिफ्ट नाही वाटतं?" तिनं विचारलं.

"आहे की. पंधरा वर्षं नुसतीच आहे."

ती हसली नाही. "आणि टब?"

"सतरा नंबरला आहे. जुना, लोखंडी."

"बरं झालं," ती म्हणाली. "खालचे उपचार तर आहेतच, पण रात्री शेकायला खोलीतही लागेल. उद्या सकाळी किती वाजता न्यायचं यांना?"

माझ्या हातातला पडदा तसाच राहिला. कारण हा आवाज मी ओळखत होते. आठ दिवसांपूर्वी याच बाईनं फोन केला होता. "गरम पाण्याचे उपचार चालू आहेत ना?" असं तिनं तीनदा विचारलं होतं, आणि तीनदा "हो ताई, चालू आहेत" असं म्हणणारी मीच होते.

आमच्या लुंका काल्दा गावात उपचार ईस्टरपासून बंद होते. डोंगरातून स्नानगृहात येणारा मोठा पाइप पुलाखाली फुटला होता, आणि त्याच्या मागोमाग स्नानगृहाच्या छपराचा एक कोपरा खाली बसला होता. दुरुस्ती कोणी करायची यावर मालक आणि नगरपालिका एकमेकांकडे बोट दाखवत होते. मालक बुखारेस्टला. त्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, फक्त त्यांचे हुकूम यायचे. त्यातला एक असा: फोनवर कोणी विचारलं तर उपचार आहेत म्हणायचं, लोक एकदा आले की राहतात. हॉटेल तेरेझियाच्या एकशेसाठ खोल्यांपैकी तेव्हा अकरा उघड्या होत्या. सम्राटाच्या काळी इथं राजघराण्यातली माणसं उतरायची, कम्युनिस्ट पक्षाच्या काळी पोलाद कामगार उतरायचे, आणि आता शनिवार-रविवारी छताचे फोटो काढणारे उतरायचे. त्यांना उपचार नसले तरी चालायचं.

"ताई," मी म्हटलं, "आधी खोलीत तर चला."

बाईचं नाव दोम्निका मुर्गु. नवरा आकिम. पाय धरून आलेला तो आकिमचा भाचा, रेशित्साहून भाजीच्या व्हॅनमधून त्यांना घेऊन आला होता. त्याला परत जायची घाई होती. रविवारी तीन वाजता न्यायला येतो म्हणाला, व्हीलचेअर वर आणून ठेवली, मामाच्या गालाचा मुका घेतला आणि गेला. तो गेल्यावरच मी तिला खरं सांगितलं. फोनवर मी होते, एवढं मात्र नाही सांगितलं.

ती कोट तसाच अंगात ठेवून खाली उतरली, मी मागोमाग. स्नानगृहाच्या दाराला साखळी होती. तिनं ती दोन्ही हातांनी हलवली, मग काचेला कपाळ टेकून आत पाहिलं. आतलं तळं कोरडं. त्यात पाचोळा, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि एक मांजर. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाइप फुटला," ती म्हणाली. "मग पाणी कुठं जातं?"

"नदीत. पुलाच्या पलीकडे पडतं."

"गरम?"

"हात भाजेल एवढं."

"म्हणजे पाणी आहे," ती म्हणाली आणि कोटाच्या बाह्या वर सारायला लागली. "बादल्या दे."

*

तिच्याबद्दल पुढं जे सांगते आहे ते तिनंच मला सांगितलं, काही त्या दोन दिवसांत, काही नंतर.

दोम्निका रेशित्साच्या वरच्या डोंगरातली. बाप कोळसा पाडायचा. पाच बहिणींत ती तिसरी. अठराव्या वर्षी ती कारखान्यात लागली आणि कोणी तयार नव्हतं म्हणून क्रेन शिकली. भट्टीच्या दालनात छताखाली चौदा मीटर उंचावर पत्र्याची केबिन, त्यात ती एकटी. खाली ऐंशी टन वितळलेलं पोलाद भरलेला हंडा, तो उचलायचा, न्यायचा, साच्यांवर ओतायला धरायचा. उन्हाळ्यात केबिनमध्ये इतकं उकडायचं की ती बुटात पाणी ओतून बसायची. पहिल्या महिन्यात खालचे पुरुष शिट्ट्या मारायचे, "ए चिमणे, अंडं घालशील तर सांभाळून!" एकदा तिनं रिकामा आकडा एकाच्या डोक्याच्या वीतभर वरपर्यंत आणून थांबवला. त्यानंतर शिट्ट्या बंद झाल्या.

खालून तिला खुणा करणारा माणूस म्हणजे आकिम. त्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नसे. हातानंच सगळं. तळवा वर म्हणजे उचल, खाली म्हणजे सोड, बोटं जवळ घेतली की सावकाश, आणि हात उंच करून तळवा उघडा धरला की थांब. दोन वर्षं दोघं रोज आठ तास एकमेकांकडे बघत होती आणि एकमेकांचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. कँटीनमध्ये पहिल्यांदा बोलला तेव्हा तो तोतरा आहे हे तिला कळलं.

"मला काय फरक पडणार होता?" ती म्हणाली. "मी त्याच्या हातावर भाळले होते."

लग्न झालं, एक मुलगी झाली, ती आता स्पेनमध्ये आहे. कारखाना बंद होत गेला. दालनाचं छत उतरवून भंगारात गेलं. आकिमनं मग शाळेत भट्टी पेटवण्याचं काम केलं, दोम्निकानं दवाखान्यात फरशा पुसल्या. आणि चौदा महिन्यांपूर्वी, एका सकाळी दाढी करता करता, आकिमची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. सुरुवातीला डॉक्टरांनी व्यायाम दिले, मग गोळ्या, मग ते म्हणाले, बाई, जेवढं परत यायचं तेवढं आलंय. काहीच आलं नव्हतं. उन्हाळ्यापासून तर त्यानं डावा हातसुद्धा वापरणं सोडलं. घास तोंडाशी नेला तर खायचा, नाही तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

तेव्हा तिला लुंका काल्दा आठवलं. फार पूर्वी कामगार संघानं आकिमला इथं तीन आठवडे पाठवलं होतं. कंबर धरली होती, वाकून गेला होता, आणि आला तो स्टेशनवरून बॅग खांद्यावर टाकून ताठ चालत. आता तीन आठवडे कोण देणार? तिच्याकडच्या पैशांत दोन रात्री बसत होत्या.

*

शुक्रवारी तिनं नऊ खेपा केल्या. हॉटेलच्या मागच्या दारातून बाहेर, नदीवरचा लोखंडी पूल ओलांडून पलीकडे, तिथं भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपातून पाणी पडतं. गावातल्या म्हाताऱ्या बायका खाली, ते नदीत मिसळतं तिथं, पाय सोडून बसलेल्या असतात. दोन बादल्या भरायच्या आणि परत चव्वेचाळीस पायऱ्या. नवव्या खेपेला पहिल्या खेपेचं पाणी थंडगार झालं होतं. टब अर्धाही भरला नव्हता. तिनं त्यात हात घातला आणि बूच उपटून टाकलं.

"ताई, हे जमायचं नाही," मी म्हटलं. मला खरं तर जिन्याची काळजी होती. लाल गालिच्यावर सगळीकडे पाणी सांडलेलं, आणि गंधकाचा उकडलेल्या अंड्यांसारखा वास माझ्या पडद्यांपर्यंत आलेला. "आणि गालिचा कोण वाळवणार?"

"तू," ती म्हणाली. "खोटं बोलणाऱ्या हॉटेलात पगार घेतेस ना?"

पलंगावरून आकिम आमच्याकडे बघत होता. त्याचे डोळे अगदी स्वच्छ होते, निळे. माझ्या लक्षात आलं की या माणसाला सगळं कळतंय.

शनिवारी उजाडताच मी स्वयंपाकघरातून दुधाचे झाकणाचे चार कॅन काढले. ॲल्युमिनियमचे, प्रत्येकी वीस लिटरचे. बुरख्यासारखं त्यांना जुन्या ब्लँकेटांत गुंडाळलं. हे का केलं ते मला विचारू नका. रात्रभर "हो ताई, चालू आहेत" हे माझंच बोलणं कानात होतं. आम्ही दोघींनी खेपा सुरू केल्या, एक कॅन दोघींमध्ये धरून. कॅनमधलं पाणी वरपर्यंत कढत राहायचं, आणि टबवर आम्ही गादी झाकून ठेवली होती. पण ओझं असं की पुलावर चार वेळा टेकवावं लागायचं. दहा वाजेपर्यंत तिच्या तळव्यांवरचे फोड फुटले. तिनं माझ्या एप्रनचा बंद फाडून हाताला गुंडाळला.

"तू बस," मी म्हटलं. "मी आणते."

"तुला भरता येत नाही. अर्धं सांडतेस."

अकराच्या सुमाराला आमचे मॅनेजर गॅव्रिलासाहेब जिन्यात आडवे आले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"पेर्सिदा, हे काय चाललंय?"

"पाणी, साहेब."

"ते मला दिसतंय! सतराच्या टबचा निचरा फुटलाय हे तुला माहीत नाही? काल संध्याकाळीच पाणी टपकलंय. खाली नाचाचं दालन आहे. आज एक वाजता तिथं बाप्तिस्म्याची मेजवानी आहे, साठ माणसं! महिन्यातलं एकुलतं एक गिऱ्हाईक!"

"बूच लावलं की गळत नाही," मी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. टब गळ्याशी भरला की वरच्या भोकातूनही पाणी खाली जायचं.

साहेब दोम्निकाकडे वळले. "बाई, ही ऐतिहासिक इमारत आहे. खालच्या छतावर चित्रं आहेत, दीडशे वर्षांची. तुम्हाला पैसे परत देतो. जा इथून."

दोम्निकानं कॅन खाली ठेवला नाही. तिथंच, पायरीवर, हातात तोललेला ठेवून ती म्हणाली, "साहेब, माझा नवरा सत्तर वर्षांचा आहे. त्याच्यावर चित्रं नाहीत, पण तोही परत मिळत नाही. बाजूला व्हा, पाणी निवतंय."

साहेब बाजूला झाले.

*

दीडच्या सुमाराला टब भरला. खाली ॲकॉर्डियन वाजायला लागलं होतं, आणि चोर्ब्याच्या सुपाचा आंबट वास गंधकात मिसळून वर येत होता. आम्ही आकिमचे कपडे काढले, त्याच्याखाली चादर सरकवली, तिनं डोक्याकडची टोकं धरली, मी पायाकडची. व्हीलचेअरवरून टबच्या काठावर, काठावरून आत. पाणी उसळून फरशीवर आलं. त्याचं अंग इतकं पांढरं आणि हलकं दिसत होतं, पण वजन असं की माझ्या पाठीत काहीतरी कटकन वाजलं.

तो गळ्यापर्यंत पाण्यात बसला. डोळे मिटले. दोम्निका गुडघ्यांवर बसली आणि त्याचा उजवा हात चोळायला लागली. खांदा, कोपर, मनगट, एकेक बोट. तोंडानं सारखं चालू होतं, "येतंय का? जाणवतंय का? बोट हलव, आकिम. अंगठा हलव. नुसता अंगठा." पाच मिनिटं, दहा मिनिटं. कॅनमध्ये उरलेलं गरम पाणी ती अधूनमधून वरून ओतत होती. मग पाय. "पायाचं बोट हलव. मागच्या वेळी तू नाचत आला होतास घरी. आठवतंय? हलव."

काही हललं नाही. पाण्यात त्याचा हात लाकडासारखा तरंगत होता.

तिनं चौथ्यांदा कॅन उचलला तेव्हा आकिमनं डोळे उघडले. त्याचा डावा हात, उन्हाळ्यापासून जो त्यानं कशालाही लावला नव्हता तो, पाण्यातून वर आला. कोपर सरळ झालं. तळवा उघडला आणि तिच्या समोर तसाच धरून ठेवला.

मला वाटलं हात हलला, चमत्कार झाला. मी छातीवर क्रूसाची खूणही केली. पण दोम्निकाचा चेहरा पांढरा पडला. त्या खुणेचा अर्थ तेव्हा फक्त तिला माहीत होता. थांब.

"नाही," ती म्हणाली.

हात तसाच.

"नाही! खाली कर तो हात!" आणि तिनं कॅन त्याच्या छातीवर ओतला. त्याचा हात खाली आला, पुन्हा वर गेला. तसाच उघडा. आणि मग तिनं त्याच्या तोंडात मारली. ओल्या हाताची ती थप्पड त्या मोठ्या खोलीत घुमली. "तीस खेपा!" ती किंचाळली. "चौदा महिने! चौदा महिने मी तुला पुसतेय, भरवतेय, पलटतेय, आणि तुला एक अंगठा हलवता येत नाही? आणि हात उचललास तो मला थांबवायला? मी कुठं थांबू? सांग ना मेल्या, मी थांबून जाऊ कुठं?"

ती टबच्या काठावर डोकं ठेवून गुरासारखी हंबरायला लागली. मी बाई आहे, मी बायकांना रडताना खूप पाहिलंय. असं नाही पाहिलं. आकिमच्या गालावर तिच्या बोटांची लाली उमटली होती. तो डाव्या हातानं तिचा हात शोधत होता. सापडला. त्यावरची चिंधी त्यानं ओल्या बोटांनी सोडवली, सोडवायला फार वेळ लागला, आणि तिचा तो सोललेला तळवा ओढून गरम पाण्यात धरून ठेवला. पाणी झोंबलं असणार, पण तिनं हात काढला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. आकिमचे दात वाजायला लागले तेव्हा मी भानावर आले. पाणी निवलं होतं. आम्ही चादर धरली, ओढली. ओलं अंग निसटलं. पुन्हा ओढलं. आत सोडताना आम्ही दोघी पुरलो होतो, बाहेर काढायला पुरत नव्हतो. त्याचे ओठ निळे पडायला लागले.

"बूच काढ," दोम्निका म्हणाली, "पाणी गेलं की मी आत उतरते."

मी बूच काढलं. आणि मग आठवलं, खाली दालन आहे.

ॲकॉर्डियन मध्येच थांबलं. बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. मग जिन्यावर धडधड पावलं, आणि दारात गॅव्रिलासाहेब, मागे सूट घातलेले चार-पाच पुरुष. सगळ्यात पुढं एक अवाढव्य माणूस, टकलावरून पाणी ओघळतंय, कोटाला गंधकाचा वास.

"केकवर!" साहेब ओरडले. "पेर्सिदा, केकवर पाणी पडलं!"

"मी बाळाचा धर्मपिता आहे," तो अवाढव्य माणूस गरजला. "मला बघायचंय कोण एवढं आंघोळीला—" आणि त्याला टब दिसला. टबमधला उघडा, थरथरणारा म्हातारा दिसला. त्यानं मागच्या लोकांना हातानं अडवलं. मग बाईकडे नीट पाहिलं.

"दोम्निका? तीन नंबर क्रेनवरची?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मी ग्लिगोर. साच्यांवर होतो. तू माझ्या डोक्यावर आकडा आणून थांबवला होतास! महिनाभर मला झोप नव्हती." मग तो टबकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "हा आकिम? देवा रे. बाई, आधी सांगायचं नाही का. ए, कोट काढा सगळे! तू पाय धर. तू कंबर. हळू, हा माणूस आमचा आहे."

चौघांनी त्याला मूल उचलावं तसा उचलला. ग्लिगोरनं दुसऱ्या एकाच्या कोरड्या कोटात त्याला गुंडाळलं, पलंगावर ठेवलं, आणि गुडघे टेकून त्याचे पाय आपल्या तळव्यांनी घासत बसला. खालून कोणीतरी त्सुइका दारूची बाटली आणली. आकिमच्या ओठांना लावली, मग दोम्निकाच्या. तिनं तीन मोठे घोट घेतले.

"लागू पडलं का पाणी?" ग्लिगोरनं विचारलं, जसं कोणीही विचारेल तसं.

"नाही," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी खालून तिच्यासाठी ताट आलं, कोबीच्या पानातल्या खिम्याच्या गुंडाळ्या आणि मक्याच्या पिठाची ममलिगा. केकचा न भिजलेला अर्धा भागही आला. तिनं आकिमला भरवलं. स्वतः नुसतं बघत बसली.

*

रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली आणि मी चादरी घेऊन सतराला गेले, तर आकिम एकटाच, घट्ट पांघरूण घातलेला. त्यानं डाव्या हातानं खिडकीकडे बोट केलं. मी धावत गेले. दोम्निका पुलावर होती, जिथला कठडा एका बाजूनं तुटलाय तिथं.

मी पोचले तेव्हा ती खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होती. मी शेजारी उभी राहिले आणि तिच्या कोटाची बाही धरली. गच्च.

"सोड," ती म्हणाली. "काही करत नाहीये."

"मला धरावंसं वाटतंय."

तिनं बाही सोडवून घेतली नाही. "शुक्रवारी गाडीतून येताना मी हा पूल बघितला. मनात म्हटलं, पाणी लागू पडलं नाही तर हा आहे. आम्ही दोघं. खुर्ची नुसती ढकलायची."

"आणि आता?"

"आता?" तिनं हॉटेलकडे मान वळवली. "आता त्याला खाली कोण आणणार? चव्वेचाळीस पायऱ्या. माझ्यात जोर राहिला नाही."

मला हसू फुटलं. कसं फुटलं देव जाणे. ती माझ्याकडे रागानं बघायला लागली आणि मग तीही हसली, आणि आम्ही दोघी त्या तुटक्या कठड्याशी पोट धरून हसलो, आणि त्यातच तिचं रडणं सुरू झालं. मी बाही सोडली नाही.

"फोनवर मीच होते," मी म्हटलं. "हो म्हणणारी."

"माहीत आहे. पडदे झटकत होतीस, तोंड उघडलंस तेव्हाच ओळखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस तर मी त्याच दिवशी घरात काय केलं असतं, कुणास ठाऊक." तिनं नाक पुसलं. "पण पुढच्या बाईला खोटं सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. म्हणून वसंतापर्यंत माझी नोकरी टिकली नाही, पण ती वेगळी गोष्ट.

तीन वाजता भाचा आला. आकिमला खाली न्यायला ग्लिगोर आणि त्याचा भाऊ मुद्दाम थांबले होते. व्हॅनमध्ये बसवल्यावर दोम्निकानं माझा नंबर भाजीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला. "दर रविवारी फोन कर," मी म्हटलं. "एक रविवार चुकला तर मी बस पकडून येईन."

"धमकी देतेस?"

"हो."

तिनं एकही रविवार चुकवला नाही. कधी दोन मिनिटं, कधी तासभर. आकिमला खोकला झाला, बरा झाला. मुलगी येऊन गेली. आकिम डाव्या हातानं आता हे नको, ते दे, असं सांगायला लागला होता, आणि एवढ्यावरून दोघांची भांडणंही व्हायची. "हातानं भांडतो मेला," ती सांगायची. मग पुन्हा वाईट आठवडे. तो खाईना, ती झोपेना. "पेर्सिदा, मला वाटतं मी आता दगड झालेय," असंही एकदा म्हणाली. मी ऐकायची. तो चालला नाही. त्याचा अंगठाही कधी हलला नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या फेब्रुवारीत तिचा फोन गुरुवारी आला. रविवार नव्हता, म्हणून उचलतानाच मला कळलं.

"गेला," ती म्हणाली. "सकाळी अकराला. मी कपडे वाळत घालत होते. आत आले तर गेलेला."

"देव त्याला क्षमा करो."

"पेर्सिदा, ऐक. मला रडू आलं नाही. मला भूक लागली. माझा माणूस आत पडलाय, डॉक्टर यायचाय, आणि मी चुलीशी उभं राहून अख्खं पातेलं बटाटे खाल्ले. पोटभर. किती महिन्यांनी. हे पाप आहे का?"

पाद्री काय म्हणाला असता ते मला ठाऊक होतं, आणि ते मला म्हणायचं नव्हतं.

"बटाटे कसे केले होतेस?" मी विचारलं.

"कांद्यात," ती म्हणाली. "चरबीत परतून. लाल मिरची पूड जास्त घातली." आणि मग तिला रडू आलं.